पोचीची तारीख कशावरून द्यावी? फर्निचर कार्यशाळेतील टप्पे, माणसे आणि क्षमता यांचे नियोजन

मराठवाड्यातल्या फर्निचर कार्यशाळांमध्ये ग्राहकाला मिळणारी तारीख बहुतेक वेळा अंदाजाने दिलेली असते. लग्न अमुक तिथीला आहे, पलंग आणि कपाट त्याच्या आधी घरात हवे, असे ग्राहक सांगतो. मालक हातातली कामे मनातल्या मनात मोजतो आणि होकार देतो. मग शेवटच्या आठवड्यात रात्री जागून काम होते, पॉलिश पुरते वाळण्याआधीच माल टेम्पोत चढतो, आणि घरी पोचलेल्या पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर बांधलेल्या दोरीचे वळ उठलेले दिसतात. यात कारागिराच्या हाताचा दोष क्वचितच असतो. कोणत्या टप्प्यावर किती काम मावते हे कोणी मोजलेलेच नसते, म्हणून हे घडते.

लातूर, जालना, नांदेड, परभणी, बीड अशा जिल्ह्यांच्या आणि तालुक्यांच्या गावी पाच ते पंधरा माणसांवर चालणाऱ्या, घरगुती फर्निचर मागणीनुसार बनवणाऱ्या कार्यशाळा डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एकाच साच्याचा माल शेकड्याने काढणाऱ्या कारखान्यांचे गणित वेगळे असते आणि ते येथे विचारात घेतलेले नाही. खाली सांगितलेल्या सगळ्या हिशेबासाठी एक वही, एक भिंतीवरचा फळा आणि महिनाभर चिकाटीने केलेल्या नोंदी एवढेच पुरते.

मालाचा प्रवास आधी कागदावर मांडावा

पहिले काम म्हणजे कार्यशाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या मालाचे टप्पे क्रमाने लिहून काढणे. सागवानी पलंगाचा क्रम साधारण असा असतो: माप आणि नक्षी पक्की करणे, कटिंग लिस्ट तयार करणे, लाकूड निवडणे, कटाई, रंधाई, कुसू (जोडासाठी तुकड्याच्या टोकाला काढलेली जीभ) आणि तिची भोके पाडणे, जुळणी, घासाई, पॉलिश, वाळवणी, फिटिंग आणि पोच. प्लायवूडच्या कपाटाचा क्रम वेगळा पडतो. तिथे रंधाई जवळजवळ नसते, पण सनमायका चिकटवणे, कडांना पट्टी लावणे, बिजागऱ्या आणि चॅनल बसवणे यांत वेळ जातो. दोन्ही माल एकाच छपराखाली तयार होतात, तरी ते वेगवेगळ्या टप्प्यांवर भार टाकतात, आणि हे कागदावर दिसल्याशिवाय पुढचा हिशेब उभा राहत नाही.

कटिंग लिस्टबद्दल थोडे सविस्तर सांगणे गरजेचे आहे, कारण अनेक ठिकाणी ती मिस्त्रीच्या डोक्यात असते आणि मिस्त्री एक दिवस आला नाही की कटाई थांबते. प्रत्येक तुकड्याचे नाव, लांबी, रुंदी, जाडी, नग आणि लाकडाच्या रेषांची दिशा एवढे लिहिले की दुसरा माणूसही काम सुरू करू शकतो. प्लायवूडची ८ बाय ४ फुटांची पूर्ण शीट २४४० बाय १२२० मिलिमीटर भरते, आणि कटरचे पाते प्रत्येक कापात साधारण ३ ते ४ मिलिमीटर खाते. ही घट मांडणीत न धरल्यास शेवटचा तुकडा तोकडा निघतो आणि एका फळीसाठी नवी शीट फोडावी लागते. दोन-तीन कपाटांची कटाई एकत्र काढली तर शीटची नासाडी कमी होते, म्हणून कटाई गटाने करणे योग्य आहे. पुढच्या टप्प्यांना मात्र हा नियम सरसकट लावू नये. आठ पलंग एकदम जुळवून ठेवले की चालायला जागा उरत नाही, तयार सांगाड्यांना ओरखडे पडतात, आणि पॉलिशवाला शेवटी एका वेळी दोनच घेऊ शकतो.

लाकडाची आर्द्रता हा या प्रवासातला असा टप्पा आहे की जो कोणी टप्पा म्हणून मोजत नाही. घरातल्या फर्निचरसाठी लाकडातील ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असावा. किनवट-माहूर पट्ट्यातले किंवा चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान वखारीतून आणल्यावर ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र लावून पाहावे, आकडा वहीत लिहावा, आणि वाहतुकीचा परवाना त्याच पानाला जोडून ठेवावा. कापलेल्या फळ्या सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, जमिनीपासून वर रचाव्यात आणि टोकांना रंग किंवा मेण लावावे. आपल्याकडचा एप्रिल-मे इतका कोरडा असतो की उघड्या टोकांना तडे जातात, आणि याच लाकडाचा गच्च बसवलेला ड्रॉवर जुलैत फुगून उघडेनासा होतो. ओल्या लाकडाला वाळायला आठवडे नव्हे, महिने लागतात, तेव्हा पुढच्या हंगामाचे लाकूड या हंगामातच घेऊन ठेवणे हाही नियोजनाचा भाग समजावा.

प्रत्येक टप्प्याला किती तास लागतात

टप्पे लिहून झाल्यावर प्रत्येकापुढे तास लिहायचे. हे तास आठवणीतून लिहू नयेत. माणसाला आपला सर्वांत चांगला दिवस आठवतो, आणि त्या दिवसावर बेतलेली तारीख चुकतेच. प्रत्येक नगासोबत एक कार्ड फिरवावे. ज्याने काम हाती घेतले त्याने सुरुवातीची आणि शेवटची वेळ त्यावर लिहावी. एकाच प्रकारचे पाच-सहा नग झाले की मधला आकडा धरावा, सर्वांत कमी असलेला धरू नये. ही नोंद मजुरी कापण्यासाठी नाही हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना बसवून सांगावे आणि ते पाळावे. तसे न केल्यास कार्डावर येणारे आकडे खोटे असतील आणि सगळा खटाटोप वाया जाईल.

पुढचा हिशेब समजावा म्हणून येथे काही गृहीत आकडे घेऊ. प्रत्येकाने आपल्या कार्यशाळेचे आकडे त्यांच्या जागी घालावेत. समजा, एका पलंगाला यंत्रावर ५ तास, जुळणीला १४ तास, घासाई-पॉलिशला १२ तास आणि फिटिंगला २ तास लागतात. दोन दारांच्या प्लायवूड कपाटाला हेच आकडे अनुक्रमे ४, २०, ३ आणि ५ असे आहेत. चार खुर्च्यांच्या डायनिंग टेबलला १२, २६, २० आणि २ तास लागतात.

हातात खरोखर किती तास आहेत

महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले तर एका माणसाचे २०८ तास होतात, पण हे तास फक्त कागदावरचे आहेत. आठवडी बाजार, गावची जत्रा, नात्यातले लग्न, आजारपण यांमुळे पडणारे खाडे मोजले की २३ दिवस हाती लागतात असे समजू. आठ तासांतून चहा, झाडलोट, हत्याराला धार लावणे, सामान शोधणे, ग्राहकाशी बोलणे हे वजा केले की साडेसहा तास उरतात. म्हणजे एका माणसाचे महिन्याचे खरे तास १५० च्या आसपास. कागदावरच्या तासांपैकी चौथ्या भागाहून जास्त तास मुळात कधी अस्तित्वातच नव्हते, आणि तारखा चुकण्याचे निम्मे उत्तर याच एका वजाबाकीत सापडते.

यंत्राच्या तासांतून वीज जाण्याचा वेळ वेगळा वजा करावा. वीज नसताना जुळणी चालू शकते, पण कटर, रंधा मशीन आणि स्प्रेचा कंप्रेसर थांबतात. वीज कधी आणि किती वेळ गेली हे महिनाभर फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवले तर आकडा मिळतो. येथे आपण महिन्याला २० तास धरू. तेव्हा यंत्रावर एक माणूस असेल तर १३० तास मिळतील.

सर्वांत अरुंद टप्पा शोधणे

आता मालक धरून सात माणसांची कार्यशाळा घेऊ: यंत्रावर एक, जुळणीला दोन मिस्त्री, एक पॉलिशवाला, दोन हेल्पर, आणि फिटिंग व पोच पाहणारा मालक. महिन्याला ८ पलंग, ५ कपाटे आणि २ डायनिंग टेबल अशी मागणी आहे. यंत्राला ८४ तासांचे काम पडते आणि उपलब्ध आहेत १३०. जुळणीला २६४ तासांचे काम पडते आणि उपलब्ध आहेत ३००. घासाई-पॉलिशला १५१ तासांचे काम पडते आणि उपलब्ध आहेत १५०.

या तीन ओळींमधून जे दिसते ते डोळ्यांनी कार्यशाळेत फिरून दिसत नाही. जुळणीच्या बाकाभोवती गर्दी असते, तिथे सर्वांत जास्त आवाज असतो, म्हणून मालकाला वाटते की अजून एक मिस्त्री हवा. तिसरा मिस्त्री ठेवला तर महिन्याला एकही पलंग जास्त बाहेर पडणार नाही. फक्त पॉलिशच्या दारात सांगाड्यांची रांग वाढेल आणि मजुरीचा खर्च चढेल. कार्यशाळेची क्षमता म्हणजे तिच्या सर्वांत अरुंद टप्प्याची क्षमता, आणि येथे तो टप्पा पॉलिशचा आहे. माझ्या मते आपल्या भागातल्या बऱ्याच छोट्या कार्यशाळांत तो तिथेच सापडेल, कारण चांगला पॉलिशवाला सहसा एकच असतो.

उपाय नेहमी नवा माणूस हाच नसतो. पलंगाच्या १२ तासांपैकी ५ तास निव्वळ घासाईचे असतील, आणि कोणत्या क्रमांकाचा पॉलिश पेपर कधी वापरायचा, रेषेच्या दिशेनेच का घासायचे हे शिकवले तर ते काम हेल्पर करू शकतो. कपाटाचा १ तास आणि डायनिंगचे ८ तासही तसेच काढले, तर हेल्परकडे ६१ तासांचे काम जाते आणि पॉलिशवाल्याकडे फक्त ९० तास उरतात. पैसा जवळजवळ न घालता अडलेली वाट मोकळी झाली. आता अरुंद टप्पा जुळणीकडे सरकला, आणि हिशेब पुन्हा तिथून सुरू करायचा. अशी तपासणी दर महिन्याला करावी लागते, कारण मागणीत कपाटे वाढली की जुळणीवर ताण येतो आणि पलंग वाढले की पॉलिशवर.

कोणताही टप्पा काठोकाठ भरू नये. खाडे आणि वाया जाणारा वेळ आधीच वजा केला असला तरी दुरुस्ती, फाटलेली फळी, ग्राहकाने ऐनवेळी बदललेले हँडल यांसाठी दहा टक्के जागा मोकळी ठेवावी. जुळणीच्या ३०० तासांपैकी २७० तासांचेच काम स्वीकारायचे ठरवले तर आठ पलंगांची मागणी बसते आणि नवव्या पलंगाला पुढच्या महिन्याची तारीख द्यावी लागते. ती तारीख ग्राहकाला स्पष्ट शब्दांत सांगणे हेच या सगळ्या मोजमापाचे फळ आहे.

वाळवणीची जागा हीसुद्धा क्षमता आहे

पॉलिशचे तास सुटले तरी जागा अडते. पॉलिशच्या खोलीत एका वेळी दोनच पलंगांचे भाग उभे राहत असतील आणि प्रत्येकाला थर, घासाई, पुन्हा थर आणि वाळवणी मिळून चार दिवस लागत असतील, तर महिन्याला पंधरा नग निघतात. पावसाळ्यात हेच चार दिवस सहा होतात आणि पंधराचे दहा होतात. आपल्या उदाहरणातले ८ पलंग आणि २ डायनिंग मिळून बरोबर दहा नग होतात. म्हणजे श्रावणात खोली गच्च भरलेली असेल आणि एका दिवसाची झडसुद्धा पुढच्या तारखा ढकलेल.

दमट हवेत घाईने मारलेल्या लाख पॉलिशवर किंवा लॅकरवर पांढरट झाक येते. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर जमते, हे त्याचे कारण. पाऊस लागून असेल त्या दिवशी फवारणी थांबवून घासाई आणि पुट्टीची कामे पुढे ओढावीत. खोली वेगळी, हवा खेळती आणि धुळीपासून दूर असावी, आणि घासाई तिच्या बाहेरच व्हावी. थिनरचे डबे वेल्डिंग, विडी आणि उघड्या वायरिंगपासून लांब ठेवण्याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या सरसाने जोडलेला सांगाडा पूर्ण पक्का व्हायला २४ तास द्यावेत. शिकंजे, म्हणजे सरस वाळेपर्यंत जोड आवळून धरणारी साधने, कमी असतील तर तेवढ्यानेही जुळणी अडते, आणि चार शिकंजे जास्तीचे घेणे हे नव्या माणसापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

माणसांची मांडणी

एका कागदावर उभी नावे आणि आडवी कामे लिहून कोणाला कोणते काम स्वतंत्रपणे येते, कोणाला देखरेखीखाली येते आणि कोणाला येत नाही याच्या खुणा कराव्यात. ज्या कामाखाली एकच नाव असेल ते काम धोक्यात आहे असे समजावे. प्रत्येक कामाला निदान दोन माणसे तयार करणे हे वर्षभराचे उद्दिष्ट ठेवावे आणि त्यासाठी कमी मागणीचे महिने वापरावेत. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली मुले यंत्राचे माप आणि आराखडा वाचण्यात चांगली असतात, तर परंपरेने शिकलेला सुतार लाकडाची नस ओळखण्यात. दोघांना एका बाकावर बसवले तर दोघेही घडतात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. तीत प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे. स्वयंरोजगार करणाऱ्या कारागिरांनी तिची चौकशी जरूर करावी.

मजुरी रोजंदारीवर द्यावी की उक्ती, हा प्रश्न क्षमतेशी थेट जोडलेला आहे. उक्त्या कामात वेग येतो, पण जुळणीत राहिलेली फट पॉलिशवाल्याच्या गळ्यात पडते आणि वाचलेले दोन तास पुढे चार होऊन परत येतात. उक्ते काम द्यायचेच असेल तर पुढच्या टप्प्यावरच्या माणसाने नग तपासून स्वीकारल्यावरच तो पूर्ण झाला असे धरावे. उचलीचाही हिशेब स्वतंत्र पानावर, दोघांच्या सहीने ठेवावा. अंगावर मोठी उचल असलेला माणूस सणाच्या तोंडावर निघून गेला तर पैसा आणि तास दोन्ही जातात.

जादा तासांवर नियोजन उभे करू नये. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि त्यापुढच्या तासांना दुप्पट दर ही कारखाना-कायद्याची चौकट आहे. आपली कार्यशाळा लहान असली तरी तीच मोजपट्टी धरावी. थकलेल्या हाताने रात्री कटर चालवणे बोटांवर बेतते, आणि पात्यावरचे संरक्षक झाकण काढून ठेवण्याची सवय त्या धोक्यात भर घालते.

मराठवाड्याचे वर्ष कसे भरते

येथील मागणी शेतीवर आणि पंचांगावर चालते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि मधले मुहूर्त नसलेले दिवस सोडता पेरणीपर्यंत चालते; सोयाबीन आणि कापसाचा पैसाही त्याच सुमारास हाती येतो. पाडवा आणि अक्षय तृतीयेला नव्या घरांची मागणी असते. जून-जुलैत मागणी ओसरते, आणि नेमके तेव्हाच हेल्पर पेरणीला गावी जातात. ऑक्टोबरमध्ये दिवाळीची मागणी आणि सोयाबीनची काढणी एकदम येते. हा वर्षातला सर्वांत अवघड महिना आहे. बीड जिल्ह्यात आणि लगतच्या तालुक्यांत ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि गाळप आटोपल्यावर परततात. म्हणून तिथल्या हेल्परांची संख्या हिवाळ्यात किती राहील हे भाद्रपदातच विचारून ठेवावे.

पितृपक्षात बहुतेक ग्राहक नवा पलंग किंवा देव्हारा घरात घेत नाहीत. त्या पंधरवड्यात पॉलिश झालेला माल जागा अडवून उभा राहतो. तेव्हा गणपतीपर्यंतच्या पोची आधी उरकाव्यात, पितृपक्षात कटाई आणि जुळणी पुढे काढावी, आणि पॉलिश अशा बेताने सुरू करावे की घटस्थापनेपासून माल बाहेर पडू लागेल. अधिक महिन्यातही लग्ने थांबतात, त्यामुळे तो आला की वर्षाचा तक्ता महिनाभर सरकतो.

रिकाम्या महिन्यांत माणसे कमी करण्यापेक्षा पलंगाचे पाय, ड्रॉवरच्या बाजू, खुर्चीचे सुटे भाग असे सगळीकडे लागणारे तुकडे करून ठेवावेत. अट एवढीच की मापे ठरावीक असावीत. प्रत्येक पलंगाचा पाय वेगळ्या उंचीचा असेल तर साठा करता येत नाही.

तारीख देणे आणि फळा चालवणे

तारीख उलट्या बाजूने मोजावी. पलंग लग्नाच्या चार दिवस आधी पोचायचा असेल तर तिथून फिटिंगचा एक दिवस, पॉलिश-वाळवणीचे चार दिवस (पावसाळ्यात सहा), घासाईचा एक, जुळणी आणि सरस वाळण्याचे तीन, यंत्राचा एक आणि रांगेत थांबण्याचे दिवस मागे मोजत यावे. रांग धरून लागणारे एकूण दिवस काढण्याची सोपी रीत आहे, आणि त्यातून वरच्या टप्प्यांचे दिवस वजा केले की रांगेचे दिवस उरतात: कार्यशाळेत अर्धवट पडलेले नग रोज बाहेर पडणाऱ्या नगांनी भागावेत. आपल्या उदाहरणात २३ दिवसांत १५ नग निघतात. तेरा नग अर्धवट असतील तर नवा नग साधारण २० कामाच्या दिवसांनी बाहेर पडेल. अर्धवट नग आठवर आणले तर तोच नग बारा-तेरा दिवसांत निघतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा हा नियम सुताराच्या बाकालाही तितकाच लागू पडतो, आणि म्हणूनच सगळ्या ग्राहकांना खूश ठेवण्यासाठी सगळी कामे एकदम सुरू करणे सगळ्यांनाच उशीर करते.

फळ्यावर प्रत्येक टप्प्याचा एक रकाना आखावा, प्रत्येक नगाची एक चिठ्ठी त्यात सरकवावी, आणि रकान्याच्या डोक्यावर तिथे जास्तीत जास्त किती चिठ्ठ्या राहतील तो आकडा लिहावा. पॉलिशच्या रकान्यात दोनची मर्यादा असेल आणि दोन्ही जागा भरल्या असतील, तर जुळणीच्या मिस्त्रीने पुढचा सांगाडा संपवण्याऐवजी घासाईला हात लावावा. सकाळी दहा मिनिटे सगळ्यांनी फळ्यासमोर उभे राहून आज काय अडले आहे तेवढेच बोलावे. पावतीवर हेही छापून घ्यावे की दिवसांची मोजणी माप, नक्षी आणि आगाऊ रक्कम पक्की झाल्यापासून सुरू होईल आणि कटाईनंतर नक्षी बदलल्यास तारीख नव्याने दिली जाईल.

नवे यंत्र कधी घ्यावे

कर्ज काढून पॅनल सॉ (प्लायवूडच्या मोठ्या शीट कापणारे यंत्र) किंवा मोठा रंधा घेण्याआधी वरची तीन ओळींची वही उघडावी. आपल्या उदाहरणात यंत्राचे १३० पैकी ८४ तास वापरात आहेत. तिथे दुप्पट वेगाचे यंत्र आणले तरी पोचीचा एकही दिवस कमी होणार नाही, फक्त हप्ता सुरू होईल. सलग तीन महिने यंत्राच्या टप्प्यावर नव्वद टक्क्यांहून जास्त तास भरलेले दिसले, पुढच्या टप्प्यांत तो माल घेण्याइतकी जागा असली आणि जास्तीच्या मागणीची आगाऊ रक्कम हातात आली, तरच यंत्र पाहायला जावे. तोपर्यंत कपाटांची मोठी कटाई जवळच्या शहरात पॅनल सॉ असलेल्या ठिकाणाहून नगावर करून आणणे परवडते का, हे वाहतुकीचा खर्च धरून एकदा तपासून पाहावे.